नागोजी रावांची जाळी

शाळेत नववीचा तास चालू असताना शिपाई बोलवायला आला, हेडमिस्ट्रेसच्या खोलीत तुमचा फोन आहे म्हणून. फोनवर अनोळखी कानडी आवाज होता. पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियातून बोलतोय, म्हणाला, बसस्टॉपवर एक माणूस कोसळला, त्यांच्या खिशातल्या डायरीत हा नंबर सापडला, नागोजी राव तुमचे कोण? मी म्हणाले, 'माझ्या अक्काचे यजमान.' 'माझे भावोजी' असं तोंडातून आलं नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, 'मग त्यांना तुम्हीच सांगा, मिस. इथे आता काही उरलं नाही.' फोन खाली ठेवला तेव्हा हेडमिस्ट्रेस माझ्याकडे बघत होत्या, आणि मला पहिला विचार आला तो असा की, आता ते बोलायचं राहूनच गेलं...

या गोष्टीला सहा आठवडे झाले. ही रविवारची पुरवणी वाचणाऱ्यांपैकी कुणी नागोजी रावांना ओळखत असेल असं वाटत नाही. पीण्यातल्या चाळीस-पन्नास कारखान्यांतल्या बायका त्यांना ओळखत, पण त्या मराठी वाचत नाहीत. त्यांच्यासाठी ते 'जाळी अण्णा' होते. काही प्रेमाने म्हणत, बऱ्याचशा कंटाळून.

आमच्यासारखंच त्यांचंही घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन ते पीण्यातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीला लागले होते. तिथे रेनकोट, फायली, पासबुकांची कव्हरं बनत. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होते. सरोजाक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, हाताने अतिशय चलाख. घरात बसून राहणं तिला कधी जमलं नाही, म्हणून लग्नानंतर वर्षभरात तीही त्याच कारखान्यात लागली. राजाजीनगरहून दोघं एकाच बसने जात. ते पुढे पुरुषांत उभे, ती मागे बायकांत बसलेली, आणि उतरताना मात्र ते दारात तिच्यासाठी थांबून राहत. बसमधल्या बायका त्यावरून अक्काला चिडवत.

तिचं काम वेल्डिंगच्या मशीनवर होतं. नाव वेल्डिंग असलं तरी ठिणग्या नाहीत की ज्वाळा नाहीत. प्लास्टिकचे दोन थर पितळी साच्याखाली ठेवायचे, पायाने पेडल दाबायचं, साचा खाली येतो आणि चार-पाच सेकंदांत दोन्ही थर एकजीव होतात. हे काम करतात त्या रेडिओच्याच जातीच्या लहरी, फक्त फार जोरकस. त्या प्लास्टिकच्या आत शिरून त्याला आतून तापवतात. साच्याभोवती पत्र्याची आणि तारेची जाळी बसवलेली असते, लहरी बाहेर सांडू नयेत म्हणून. जाळी नसेल तर त्या समोर बसलेल्या बाईपर्यंत पोचतात, आणि साचा असतो तो नेमका तिच्या पोटाच्या उंचीला.

मी बी.एस्सी. करतेय याचं भावोजींना फार कौतुक होतं. एकदा दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी मला कारखाना दाखवायला नेलं. एक हातभर लांबीची ट्यूबलाइट माझ्या हातात दिली, ना वायर ना काही, आणि मशीनच्या पुढे उभं केलं. त्यांनी पेडल दाबलं आणि माझ्या मुठीत ती ट्यूब पेटली. साचा वर गेला, विझली. मी हसले, अक्का हसली, ते आमच्या दोघींकडे बघून हसले. 'कॉलेजात हे दाखवतात का, इंदू?' असं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणालाही त्या उजेडाचं भय वाटलं नाही. तेव्हा वाटायला हवं होतं का, हेही मी आज ठामपणे सांगू शकत नाही.

नव्वद सालच्या पुढेमागे अक्काला दिवस राहिले. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात पडलं होतं, म्हणून घरात कुणी फार बोलत नव्हतं. पण पाचवा गेला, सहावा गेला, तेव्हा भावोजींच्या आईने लहानग्या कुंच्या शिवायला घेतल्या. अक्का कामावर जातच होती. उगादीला, म्हणजे पाडव्याला, सगळे जमलो होतो तेव्हा ती सहज म्हणाली होती, 'जाळी काढल्यापासून काम कसं भराभर होतंय.' मी तेव्हा पुरणाची होळगी खात होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आठव्या महिन्यात एका दुपारी तिला पोटातली हालचाल जाणवेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी मूल झालं. मुलगी होती, पूर्ण वाढलेली, केस दाट. रडली नाही.

तोवर मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. स्टाफरूममध्ये येणाऱ्या कुठल्याशा मासिकात मी थोडं वाचलं होतं, की रेडिओ लहरींनी शरीर आतून तापतं, पोटातल्या वाढत्या जिवाला त्याने काही होतं का, अशी शंका काही लोकांना आहे. शंका, एवढंच. माझ्या डोक्यात मात्र त्याची खात्री होऊन बसली होती. नर्सिंग होमच्या व्हरांड्यात भावोजी भिंतीला पाठ लावून उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, 'भावोजी, जाळी तुम्हीच काढून ठेवली होती ना?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अक्काच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ते अर्धवट उघडं होतं. आणि म्हणाले, 'हो.'

मी म्हणाले, 'मग आता काय विचारायचं राहिलं?' आणि निघून गेले. हे असं मी बोलले. वय चोवीस होतं, विज्ञानाची पदवी होती, समोरचा माणूस थोड्या वेळाने आपली मुलगी कापडात गुंडाळून स्मशानात घेऊन जाणार होता.

डॉक्टरीणबाईंनी नंतर अक्काला आणि भावोजींना समोर बसवून सांगितलं. मी तिथे होते. त्या म्हणाल्या, अशी मुलं कुठल्याही मशीनजवळ न गेलेल्या बायकांचीही जातात, आणि या मशीनवर बसून धडधाकट मुलं झालेल्या बायकाही असतील. मशीनमुळे झालं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, मशीनमुळे झालं नाही म्हणायलाही नाही. भावोजींनी विचारलं, 'मग कुणाला माहीत असेल?' बाई म्हणाल्या, 'आज तरी कुणालाच नाही.' भावोजींनी मान हलवली, सरी, ठीक आहे, म्हणाले. त्या दिवसापासून ते 'कुणालाच नाही' त्यांनी अंगावर घेतलं, असं मला आता वाटतं. खात्री असली तर माणूस रडून मोकळा होतो, नाहीतर कुणाला तरी शिव्या देतो. त्यांना दोन्हीची सोय नव्हती.

अक्का पुन्हा कामावर गेली नाही. नंतर मूलही झालं नाही. भावोजी मात्र गेले, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या चारही मशीनच्या जाळ्या शोधून काढून परत बसवल्या. बायका दुसऱ्या दिवशी काढत, ते तिसऱ्या दिवशी बसवत. शेवटी त्यांनी अशी जोडणी केली की जाळी बंद असल्याशिवाय मशीन चालूच होईना. बायकांनी त्यांना तोंडावर शिव्या दिल्या, मालकाने बोलावून समज दिली, एक दिवस सुपरवायझरने ती जोडणी तोडून टाकली. भावोजींनी नोकरी सोडली आणि पीण्यात फिरून मशीन दुरुस्तीची कामं घ्यायला लागले. पिशवीत पक्कड, टेस्टर आणि ती हातभर ट्यूबलाइट. दुरुस्ती झाली की ते ट्यूब हातात धरून मशीनच्या चारी बाजूंनी हळूहळू फिरत. जिथे उजेड पडे तिथे खडूने खूण करत आणि म्हणत, 'इथून सांडतंय.' मालक म्हणत, 'अण्णा, मशीन चालतंय ना? मग झालं.' कुणी जाळी करून मागे, बहुतेक मागत नसत.

त्यांच्या हातून एक चूकही झाली, आणि ती त्यांनी स्वतः मला सांगितली होती. एका कारखान्यात एक बाई गरोदर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते सरळ मालकाकडे गेले, म्हणाले, हिला काही महिने पॅकिंगच्या टेबलावर बसवा. मालकाने बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरूनच काढलं. ती बाई बसस्टॉपवर भावोजींना गाठून सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या पोटातलं मूल वाचवायला आला होतास ना? आता ते काय खाईल ते पण सांग.' हे सांगताना भावोजी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात चहाचा लोटा तसाच. खरं म्हणजे माझ्या मनात तेव्हा थोडं समाधानच होतं, की भोगतायत. त्यानंतर ते मालकांशी फक्त जाळीबद्दल बोलत. गरोदर बायकांशी मात्र ते स्वतः, जेवणाच्या सुट्टीत, बाजूला बसून बोलत. ट्यूब पेटवून दाखवत. तू ठरव, म्हणत.

माझं लग्न झालं, आणि सत्त्याण्णव साली मला दिवस राहिले तेव्हा ह्यांच्या कंपनीने ह्यांना मोबाइल फोन दिला होता. विटेसारखा जाड, बाहेर काढायच्या एरियलचा. आमच्याकडे त्याचं फार अप्रूप. मी दुपारची आडवी पडले की हे तो माझ्या शेजारीच उशीजवळ ठेवत, कधी गमतीने माझ्या पोटावर. एका रविवारी भावोजी आले होते. फोन वाजला, पोटावरच. भावोजी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मग ह्यांना अगदी हळू म्हणाले, 'तो स्वल्प लांब ठेवाल का?'

हे हसले. मला राग आला. मी त्यांना शाळेतल्या मुलांना समजवावं तसं समजावलं, की तुमच्या मशीनची ताकद कुठे आणि याची कुठे, हा पोटाशी धरल्याने काही होतं असं कुणीही दाखवलेलं नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. 'नाही दाखवलं,' ते म्हणाले. 'होत नाही असं दाखवलंय का?'

'तसंही नाही.'

'मग माहीत होईपर्यंत लांब ठेव, इंदू. लांब ठेवल्याने तर काही बिघडत नाही ना?'

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सात वर्षांपूर्वी मला जे माहीत नव्हतं ते आजही मला माहीत नाही. तेव्हा त्या अज्ञानाच्या जोरावर मी त्यांना दोषी ठरवलं होतं, आणि आज त्याच अज्ञानाच्या जोरावर त्यांना वेड्यात काढत होते. मी उठले, फोन हॉलमधल्या शेल्फवर नेऊन ठेवला. परत आले तेव्हा माफी मागायची म्हणून आले होते. भावोजी चप्पल घालत होते. म्हणाले, 'चलतो, तुझी अक्का वाट बघत असेल.' आणि राहिलं. मुलगी झाली, चांगली झाली. बारशाला ते आले, पाळण्याला हात लावून गेले. तेव्हाही राहिलं.

शेवटची भेट संक्रांतीची. तिळगुळासारख्या एळ्ळु-बेल्लाच्या पुड्या घेऊन ते एकटेच आले होते. अक्काचे गुडघे दुखत होते. माझ्या लेकीने पुडीतला साखरेचा हत्ती त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि चाटत बसली. ते म्हणाले, 'डोकं आधी खातेय, हुशार आहे.' मला वाटलं, आज बोलू. तेवढ्यात शेजारीण आली. ते उठले, दारात जरा थांबले, मी काही बोलेन अशी वाट बघितल्यासारखे... का मलाच आता तसं वाटतं, कुणास ठाऊक. दहा दिवसांनी तो फोन आला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी राजाजीनगरला गेले होते. अक्का त्यांचे शर्ट घड्या घालून एका बाजूला ठेवत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि एकदाचं सांगून टाकलं. म्हणाले, 'अक्का, व्हरांड्यात मी त्यांना जाळीवरून बोलले होते. ते जाईपर्यंत मला माफी मागता आली नाही.'

अक्काचे हात थांबले. 'मी ऐकलं होतं,' ती म्हणाली. 'दार उघडं होतं.'

ती शर्टाकडे बघत सांगत होती, 'जाळी त्यांनी नव्हती काढली, इंदू. मी काढली. तिच्या पत्र्याची कड धारदार होती. हात आत-बाहेर करताना मनगट कापायचं. मी त्यांना दाखवलं होतं. ते म्हणाले, रविवारी घासून देतो. मी नाही थांबले. पाना घेतला आणि काढून टाकली. त्यांनी दोनदा परत बसवली, दोनदा मी काढली. तेव्हा त्यांनाही पोटातल्या पोरीला काही होईल अशी भीती नव्हती, माझी बोटं भाजतील एवढीच होती.'

'मग ते हो का म्हणाले?'

'मीही विचारलं होतं. घरी आल्यावर. तर म्हणाले, ती विचारत होती, कुणीतरी एकाने हो म्हणायला नको?' अक्काने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. 'मी आतून ओरडून सांगू शकले असते. नाही सांगितलं. मला वाटलं, घेतायत तर घेऊ देत. आणि मग तेच चालू राहिलं... त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही नाही.'

मला अक्काचा राग आला, आणि तो लगेच गेलाही. राग धरायची माझी लायकी उरली नव्हती.

मागच्या रविवारी मी परत तिथे असताना एक बाई दारात आली. तिशीच्या आतली, कडेवर तान्हं मूल. 'अण्णा इल्वा?' तिने विचारलं. अण्णा नाहीत का? मंजुळा तिचं नाव, पीण्यात एका कारखान्यात मशीनवर काम करणारी. बाळंतपणाला हासनला माहेरी गेली होती, आताच परतली होती, तिला काही माहीत नव्हतं. अक्काने तिला आत घेतलं आणि सांगितलं. मंजुळा खाली बसली, मूल मांडीवर घेतलं आणि तिथेच रडली. मग सांगू लागली, अण्णांनी कसं तिला जेवणाच्या सुट्टीत ट्यूब पेटवून दाखवली, कसं मालकाला काही कळू न देता तिने पॅकिंगवाल्या बाईशी जागा बदलून घेतली. 'म्हणाले होते, मूल झालं की आणून दाखव. म्हणून आणलं.'

मुलगा होता. गुटगुटीत, डोळे मोठे करून बघणारा. अक्काने हात पुढे केले. मंजुळाने त्याला दिलं. 'तुझं मूल त्यांच्यामुळे चांगलं आहे असं नाही हं,' अक्का त्याच्याकडे बघत कानडीत म्हणाली. 'ते नसते तरी चांगलंच झालं असतं कदाचित. ते स्वतः असंच म्हणायचे.' मंजुळाला ते नीट समजलं नसावं. ती डोळे पुसत म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा मशीनवर जायचंय, अण्णा तिथली जाळी करून देणार होते, माप घेऊन गेले होते.

ती गेल्यावर अक्का मागच्या खोलीत गेली. ही त्यांची कामाची खोली, गेल्या सहा आठवड्यांत तिने तिचं दार उघडलं नव्हतं. मी मागोमाग गेले. टेबलावर शिकंज्यात धरलेली पत्र्याची चौकट होती, तार ताणून बसवलेली, वरच्या पट्टीवर खडूने मंजुळाचं नाव कानडीत लिहिलेलं. तीन कडा गुळगुळीत होत्या. चौथी तशीच, कापलेल्या पत्र्याची. अक्काने कानस उचलली. ती कशी धरायची हे तिला ठाऊक होतं, घरात इतकी वर्षं बघितलेलं. मी म्हणाले, 'अक्का, कुणाकडून तरी करून घेऊ.' ती म्हणाली, 'कड नीट नसली की बायका काढून टाकतात.' आणि घासायला लागली. लोखंडाचा तो बारीक, दात आंबवणारा आवाज खोलीभर झाला. पाच-सात वेळा कानस फिरवली की ती थांबत होती, बांगड्या वर सारत होती आणि आपलं मनगट त्या कडेवरून अलगद ओढून बघत होती. तीनदा तिने 'अजून नाही' अशी मान हलवली आणि पुन्हा कानस घेतली.